गादीच्या दुकानातून थेट पोलंड

परवा एका लग्नात शेजारी बसलेल्या पाहुण्यानं सहज विचारलं, "काय हो, तुम्ही पोलंडला गेल्ता म्हणे?"

मी म्हटलं, "हो." आणि सुरू झालो! त्या बिचाऱ्याच्या पानातली जिलबी संपली, पंगत उठली, दुसरी पंगत बसली, वाढपी दोनदा बदलले, आणि मी अजून मुंबईच्या विमानतळावरच होतो! किस्स्यांचं असंच असतं. ज्वारीच्या पोत्याला खालून बारीकसं भोक पडलं की एकच दाणा पडतो का कधी? धार लागते. मंग माणूस बोट लावून बसला तरी थांबत न्हाई.

तर आधी आमची टोळी सांगतो.

जालन्यात मस्तगडला सलीमभाईंचं गादीचं दुकान आहे. शुक्रवारी ते गिऱ्हाइकाला बंद आणि आम्हाला उघडं. दुपारची नमाज झाली की सलीमभाई अर्धं शटर उचलतात, आम्ही वाकून आत शिरतो, नव्या गाद्यांच्या थप्प्यांवर आडवे होतो आणि गाणं ऐकतो. कापसाच्या गाद्यांनी भरलेल्या खोलीत स्पीकरचा आवाज काय गोड लागतो म्हणून सांगू! आम्ही म्हणजे चौघं. एक खुद्द सलीमभाई. दुसरा हसनाबादचा दत्ता. त्याची मोसंबीची बाग आहे, शुक्रवारी काही ना काही निमित्त काढून जालन्याला येतो. तिसऱ्या परतूरच्या मंगलबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या रिटायर मुख्याध्यापिका. त्या रेल्वेनं येतात. आणि चौथा मी, गजानन, बियाण्यांच्या कंपनीत डिस्पॅचला. चौघांत एकालाही काही वाजवता येत नाही. ऐकता मात्र फर्स्टक्लास येतं!

* * *

सलीमभाईंचा जीव एका बुजुर्ग कलावंतावर. मूळचे सीरियाचे, आता कुठंतरी परदेशात राहतात, आणि ऊद वाजवतात. ऊद म्हणजे चिरलेल्या भोपळ्यासारखं पोट आणि आखूड मान असलेलं अरबी तंतुवाद्य. सलीमभाई त्यांना नुसतं 'उस्ताद' म्हणतात. गादीला टाके घालतानासुद्धा उस्तादच चालू असायचे.

एका शुक्रवारी सलीमभाईंचा चेहराच उतरलेला. फोनवर बातमी होती: उस्ताद येत्या उन्हाळ्यात पोलंडमधल्या एका संगीत महोत्सवात वाजवणार, आणि त्यानंतर स्टेजवर वाजवणं बंद करणार.

"म्हंजे आता न्हाई ऐकलं तर कधीच न्हाई," दत्ता म्हणाला. मंग सगळे फोनवर वाकलो. महोत्सवाच्या तिकिटाचा आकडा दिसल्याबरोबर दत्तानं फोन उलटा करून गादीवर ठेवला आणि वरून उशी ठेवली.

मंगलबाईंनी उशी काढली. चष्मा लावला. म्हणाल्या, "तुम्हाला कोणालाच जी.आर. वाचता येत न्हाई. जी.आर. कधी वरून वाचायचा नसतो. खालून वाचायचा!"

आणि खरंच, पार खाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: स्वयंसेवक पाहिजेत. दिवसाचा अर्धा वेळ काम करा. तिकीट माफ, तंबूला जागा माफ, दोन वेळचं जेवण माफ.

अर्ज मीच भरला. आमच्यात इंग्रजी माझंच बरं. म्हणजे बाकीच्यांचं न्हाईच, म्हणून बरं. एक प्रश्न होता: मोठी गर्दी सांभाळण्याचा अनुभव आहे का? बाई म्हणाल्या, "लिही. पहिली ते चौथी, एकाच वर्गात."

पुढचा प्रश्न सलीमभाईंना: संगीतातलं काय येतं?

सलीमभाई जरा लाजले. मंग म्हणाले, "लिखो, सुनता हूँ. बजाने वाले तो बहुत होंगे उधर. कोई सुनने वाला भी होना ना!"

महिन्याभरानं उत्तर आलं. चौघांनाही या म्हणे!

* * *

विमानाचं तिकीट मात्र माफ नव्हतं. मी नवी मोटारसायकल घ्यायची ठरवली होती, तिच्या ऐवजी जुनीलाच टायर टाकले. बाईंना सोन्याच्या पाटल्या करायच्या होत्या, त्या राह्यल्या. दत्तानं शेळ्या विकल्या, आणि तिथंच ती गोष्ट त्याच्या बापाच्या कानावर गेली.

आबा ओट्यावर बसलेले. "कुठं चाल्ला?"

"पोलंडला."

"काय काम?"

"गाणं ऐकायला."

आबा जरा पुढं सरकले. मंग काळजीनं म्हणाले, "का बरं? आपल्या गावातला डीजे बंद पडला का?"

* * *

व्हिसासाठी मुंबईला जावं लागलं. आमचं तिघांचं पटकन झालं. दत्ताला मात्र खिडकीपल्याडच्या साहेबानं धरून ठेवलं. साहेब हिंदीत विचारून राह्यलेला, दत्ता त्याच्या हिंदीत सांगून राह्यलेला. दत्ताची हिंदी म्हणजे मराठीला फक्त 'है' लावलेलं!

साहेब म्हणाला, "आप वापस आएँगे, इसका क्या सबूत है?"

दत्तानं सातबारा दाखवला. बागेचा फोटो दाखवला. बैलाचा फोटो दाखवला. साहेब काही हलेना. "ये सब तो ठीक है. लेकिन आप वहीं रुक गए तो?"

दत्ता काचेजवळ तोंड नेऊन म्हणाला, "साहेब, मैं बायको को इच्चारके आया है. उसने जाऊ दिया है. राहू नहीं दिया है!"

साहेबानं पेन खाली ठेवलं, हसून डोळे पुसले. व्हिसा आला!

* * *

आता बॅगांचा किस्सा. आमचं विमान सगळ्यात स्वस्तातलं, त्यामुळं सामानाची मर्यादा एवढीशी. आणि तिकडं तंबूत झोपायचं म्हणजे थंडी. झोपायच्या गरम पिशव्या भाड्यानं घ्याव्यात तर पुन्हा खर्चा.

सलीमभाई म्हणाले, "गादीवाला साथ में है और बिस्तर किराये से लोगे? शरम नै आती?"

त्यांनी चौघांसाठी रजया शिवल्या. पण रजई बॅगेत मावेना, आणि मावली तर वजन जास्त भरे. मंग सलीमभाईंनी डोकं लावलं. रजईला बाह्या लावल्या! गळा कापला, पुढून बटणं, खाली घोट्यापर्यंत घोळ. दिवसा कोट, रात्री रजई!

ऐन गरमीच्या दिवसात मुंबईच्या विमानतळावर आम्ही चौघं घोट्यापर्यंत कापसाचे कोट घालून रांगेत उभे. घामाच्या धारा! लहान लेकरं आमच्याकडं बोट दाखवून राह्यली होती. तपासणीवाल्या जवानानं सलीमभाईंना बाजूला घेतलं. छाती दाबली, पाठ दाबली, बाही दाबली. जिथं दाबावं तिथं बोट आत जायचं.

"इसके अंदर क्या है?" जवानानं एकदम कडक आवाजात विचारलं.

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. सलीमभाईंमधला धंदेवाला मात्र जागा झाला.

"कॉटन, साब! परतूर मार्केट का, सौ टक्का. पॉलिस्टर का एक रेशा निकला ना, तो पूरे पैसे वापस!"

जवानानं आणखी एकदा बाही दाबून बघितली. मंग हळूच विचारलं, "डबल बेड का क्या रेट है?"

* * *

पोलंडमध्ये उतरल्यावर पुढं रेल्वे. छोटी, स्वच्छ, निम्मी रिकामी. स्टेशनचं नाव आम्हाला वाचता येत होतं, पण म्हणता येत नव्हतं. मी कागद हातात धरून प्रत्येक स्टेशनाची पाटी जुळवून बघायचो.

आमच्या समोर एक आजीबाई येऊन बसल्या. डोक्याला फुलाफुलाचा रुमाल, मांडीवर टोपली. बाईंनी लगेच दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली. आजीबाईंनी टोपलीतून खारवलेल्या काकड्या काढल्या. बाई मराठीत बोलून राह्यल्या, आजी पोलिशमध्ये. कोणाचं कोणाला कळत नव्हतं, आणि दोघी एकदा पण थांबल्या न्हाईत! चटणी लागली तशी आजीनं डोळे मोठे केले, आणखी मागितली.

थोड्या वेळानं आजी उठल्या. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, "हेर्बाता! हेर्बाता!" आम्हा सगळ्यांकडं बघून, हातानं चला चला करून, पुन्हा, "हेर्बाता!"

दत्ता ताडकन उठला. "हेर्बाता आलं! उतरा, उतरा!"

मी म्हटलं, "अरे, कागदावर वेगळंच नाव..."

"कागदाला काय कळतंय? गावची म्हातारी सांगून राह्यली ना!"

कोट, बॅगा, दशम्यांचं फडकं, सगळं गोळा करून आम्ही उतरलो. गाडी गेली. बघतो तर काय, एवढासा प्लॅटफॉर्म, चारी बाजूंनी गव्हाचं शेत. माणूस न्हाई, तंबू न्हाई, गाणं न्हाई, काहीच न्हाई! आणि आमच्याबरोबर उतरलेल्या आजीबाई आमच्याकडं तोंडावर हात ठेवून बघून राह्यलेल्या. मंग त्यांना एवढं हसू फुटलं की रुमाल डोक्यावरून सरकला.

त्यांनी आम्हाला घरी नेलं. अंगणात लाल चेरींनी लदलेलं झाड, त्याखाली टेबल. आत गेल्या आणि ट्रेमध्ये पाच काचेचे ग्लास घेऊन आल्या. काळा चहा, वर लिंबाची चकती. आमच्यासमोर ट्रे ठेवला आणि एकेका ग्लासावर बोट ठेवून, बालवाडीतल्या बाईंसारखं, म्हणाल्या, "हेर-बा-ता."

हेर्बाता म्हणजे चहा!

आम्ही तिघांनी दत्ताकडं बघितलं. दत्तानं शांतपणे फुंकर मारली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "मंग बराबरच उतरलो की! जालन्याचा माणूस दुसऱ्या कशासाठी उतरतो?"

* * *

आजीबाईंच्या नातवानं आम्हाला संध्याकाळी गाडीनं महोत्सवाच्या मैदानात सोडलं. काय ते दृश्य! उतारावर हजारो रंगीबेरंगी तंबू, मधोमध तळं, तळ्याच्या तीन बाजूंना तीन स्टेज, आणि वाऱ्याबरोबर एकदा इकडून ढोल, एकदा तिकडून व्हायोलिन! दत्ता गाडीतून उतरला आणि नुसताच गोल फिरत राहिला. सलीमभाई म्हणाले, "या अल्लाह! अपनी दुकान से बी बड़ा!"

स्वयंसेवकांची प्रमुख काशा नावाची उंच, चपळ पोरगी. बाईंनी तिला पहिल्या मिनिटाला 'काशीबाई' करून टाकलं. तिनं कामं वाटून दिली. मला गेटवर लोकांच्या मनगटावरचे पट्टे तपासायला, बाईंना स्वयंपाकघरात, दत्ताला गाड्या लावायला आणि सलीमभाईंना साफसफाईला. सलीमभाई म्हणाले, "चलो, पाकी-सफाई तो आधा ईमान है!" आणि नारिंगी जाकीट चढवून गेलेसुद्धा.

दत्ताला पोलिश येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, आणि समोर गाड्यांची ही मोठी रांग! त्यानं काय करावं? तो आपला ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेतल्यासारखा गाडीच्या मागं जाऊन उभा राह्यला आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागला:

"येऊंद्या, येऊंद्या, येऊंद्या, येऊंद्या... बस्स!"

आणि 'बस्स'ला डिक्कीवर एक थाप! गाड्या अशा ओळीत लागल्या की दोरी लावून बघावी. जर्मनीची गाडी असो का झेकची, 'येऊंद्या' सगळ्यांना कळायचं, 'बस्स' तर त्याहून चांगलं कळायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवरून पार्किंगकडं गेलो. दत्ता झाडाखाली बसून सफरचंद खाऊन राह्यला होता. मैदानात पाच-सहा पोलिश पोरं, सोनेरी केसांची, लालबुंद गालांची, घसा फाडून ओरडत होती:

"येऊंद्याऽ येऊंद्याऽ येऊंद्याऽ... बस्स!"

मी म्हटलं, "दत्ता, हे काय?"

म्हणाला, "ट्रेनिंग दिलं."

* * *

स्वयंपाकघरात कलाकारांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी रोज मोठ्या पातेल्यात सूप व्हायचं. बटाटा, गाजर, मीठ. बाईंनी पहिल्या दिवशी चाखलं आणि वाटी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी चाखलं आणि काशाला विचारलं, "काशीबाई, कोणी आजारी हाय का?"

बाईंच्या बॅगेत येसर होता. आपल्याकडं आमटीला लावतो तो, भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा. त्यांनी विचारूनच, एका छोट्या पातेल्यापुरता टाकला. वास असा सुटला की मी गेटवरून दोनशे पट्टे न तपासता सोडले असतील! छोट्या पातेल्यापुढं रांग लागली, मोठं पातेलं तसंच वाफाळत उभं.

त्या रांगेत एक लांब मिशांचा ट्रम्पेटवाला होता. बिचाऱ्याला सणकून सर्दी. नाक लाल, आवाज गेलेला. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम, आणि नाकातून श्वास न्हाई तर ट्रम्पेट फुंकायचं कसं? बाईंनी त्याला एक वाटी दिली. मंग दुसरी. तिसऱ्या वाटीला त्याच्या डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी! घाबरून काशा धावत आली. बाई म्हणाल्या, "राहू दे. निघू दे सगळं."

संध्याकाळी तो स्टेजवर आला आणि असं काही फुंकलं म्हणता, तळ्यातली बदकं उडाली! टाळ्या थांबेनात. मंग त्यानं माइक घेतला आणि पोलिशमध्ये कोणाकोणाचे तरी आभार मानले. आम्हाला अर्थातच एक अक्षर कळलं न्हाई. फक्त शेवटचा शब्द कळला.

"येसर!"

* * *

बाईंचा अजून एक. छोटाच आहे.

एका दुपारी तळ्याकाठच्या छोट्या स्टेजवर एक बाई एकट्याच गात होत्या. वाद्य न्हाई, काही न्हाई. आवाज इतका बारीक की कान देऊन ऐकावा. पण मागं गवतावर बसलेल्या घोळक्यानं गप्पांचा बाजार मांडला होता. हसणं, बाटल्यांची खडखड, जोरजोरात बोलणं. आम्ही दोन गाणी सहन केलं.

तिसऱ्या गाण्याच्या आधी मंगलबाई उठल्या. पदर खोचला. घोळक्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या, आणि सगळी नोकरी ज्या आवाजावर काढली तो आवाज काढला:

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

आणि स्वतः करून दाखवलं. तुम्हाला खोटं वाटंल, पण त्या शे-दोनशे माणसांनी, दाढीवाल्यांनी, टॅटूवाल्यांनी, सगळ्यांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं! चिटपाखरू बोलेना.

बाईंनी समाधानानं मान हलवली आणि 'आता गा' म्हणायला स्टेजकडं वळल्या.

गाणारीनं पण हाताची घडी घातली होती!

* * *

आता शेवटचा. हा मी पंगतीत सांगत न्हाई. का ते कळेलच.

उस्तादांचा कार्यक्रम शेवटच्या दिवशी संध्याकाळी, मोठ्या स्टेजवर. तिकडं उन्हाळ्यात लई उशिरापर्यंत दिवस मावळत न्हाई, त्यामुळं ऊन चांगलं लख्ख. सकाळी कामाची वाटणी लागली आणि मी ती दोनदा वाचली. सलीमभाईंची ड्यूटी नेमकी त्याच वेळेला होती. मोठ्या स्टेजच्या मागं, संडासांच्या रांगेवर!

मी म्हटलं, "मी काशाला सांगतो. ती समजून घेईल."

"नै," सलीमभाई म्हणाले. "बोलनेका नै."

"अहो सलीमभाई, कशासाठी आलो आपण? याच्यासाठीच ना?"

"गज्जूभाई, अपन टिकट से नै आये. काम से आये. जबान दिये ना? बस."

दत्ता म्हणाला, मी उभा राहतो तुमच्या जागी. पण त्याच वेळेला पार्किंगला सगळ्यात जास्त गाड्या. बाई तर चिडल्याच. "इतका हट्टी पोरगा माझ्या शाळेत एक नव्हता!" सलीमभाई हसले आणि झाडू-बादली घेऊन निघून गेले. पाठमोरे गेले तेव्हा मला त्यांच्या चालण्यावरून कळलं, काय वाटून राह्यलंय ते.

माझी गेटची ड्यूटी संपली तसा मी आधी त्यांच्याकडं गेलो. बघतो तर नारिंगी जाकिटाच्या आत इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता! कुठं इस्त्री केली, कशी केली, देव जाणे. आणि जवळ गेलो तर संडासाच्या रांगेत अत्तराचा वास!

"अहो, हे कशाला?" मी विचारलं.

"आज उस्ताद बजाने वाले हैं ना," ते म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरून एक म्हातारे गृहस्थ हळूहळू आमच्याकडं आले. बुटके, काळा कोट, पांढरी दाढी. हातात ऊद, उघडाच, खोळ न्हाई.

सलीमभाईंच्या हातातला झाडू पडला.

उस्तादांना आत जायचं होतं. पण ऊद ठेवायचा कुठं? खाली सगळी जमीन ओली, भिंतीला टेकवावा तर भिंत पण ओली. ते इकडं तिकडं बघत राहिले. सलीमभाईंनी हातमोजे काढले. नळावर गेले, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, खिशातल्या स्वच्छ रुमालानं कोरडे केले. मंग उस्तादांसमोर येऊन दोन्ही हात पुढं केले. बाळंतिणीच्या खोलीत नवं लेकरू घ्यायला करतात ना, तसे.

उस्तादांनी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. आणि ऊद त्या हातांवर ठेवला.

ते आत गेले. सलीमभाई जागचे हलले न्हाईत. डोळ्याची पापणी हलंना. मी हळूच म्हटलं, "एक तार तरी छेडा!" त्यांनी मानेनंच न्हाई म्हटलं. मान मात्र जराशी वाकवून कान तारांजवळ नेला होता. नंतर म्हणाले, "हवा बजा रही थी."

उस्ताद बाहेर आले. हात धुतले, पुसले. पण ऊद लगेच घेतला न्हाई. समोर उभे राहून त्यांनी इंग्रजीत विचारलं, आणि मी सलीमभाईंना सांगितलं, "ते विचारतात, तुम्ही ऐकायला येणार ना?"

सलीमभाईंनी हातांवरच्या ऊदकडं बघितलं. मंग म्हणाले, "उनकू बोलो, ड्यूटी पे हूँ. यहीं से सुनूँगा."

मी सांगितलं. उस्तादांनी संडासांच्या रांगेकडं बघितलं, स्टेजच्या मागच्या बाजूकडं बघितलं, पुन्हा सलीमभाईंकडं बघितलं. ऊद घेतला, सलीमभाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पायऱ्या चढून गेले.

मी धावत पुढच्या बाजूला गेलो. दत्ता आणि बाईंनी जागा धरली होती. मैदान माणसांनी गच्च! उस्ताद स्टेजवर आले तसे सगळे उठून उभे राहिले, टाळ्यांचा नुसता पाऊस. स्टेजच्या मधोमध एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती. उस्तादांनी वाकून सगळ्यांना नमस्कार केला. मंग ऊद बगलेत धरला, खुर्ची स्वतःच्या हातानं उचलली, सरळ उलटी फिरवली, आणि आमच्याकडं पाठ करून बसले!

मैदानात कुजबुज सुरू झाली. माइकवाला धावत आला, माइक तिकडं फिरवून ठेवला. स्टेजच्या मागचा पडदा वाऱ्यानं एका बाजूला सरकत होता. उस्तादांनी पहिली तार छेडली, आणि कुजबुज थांबली.

माझ्या शेजारी एक गोरे काका उभे होते. बराच वेळ मान उंच करकरून बघत होते. शेवटी राहवेना, तसे माझ्याकडं झुकले आणि इंग्रजीत हळूच विचारलं, "तिकडं मागं काय आहे हो?"

मी म्हटलं, "संडास."